अनुक्ताचा ग्रंथ : स्माइथ-वृत्तांताविषयी

शासकीय वृत्तांताची गणना आपण वाङ्मयात करीत नाही, आणि सामान्यतः ते योग्यच आहे. परंतु काही वृत्तांत असे असतात की, एखाद्या युगाने स्वतःकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे त्यांनीच ठरवून दिलेले असते. प्रिन्स्टन विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक हेन्री डीवुल्फ स्माइथ यांनी लिहिलेला अमेरिकन अणुसंशोधनाचा वृत्तांत या कोटीतला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आला. १२ ऑगस्टला हा वृत्तांत जगापुढे आला. जे कार्य वर्षानुवर्षे कडेकोट गुप्ततेत चालले, त्याचा इतिहास शासनाने आपण होऊन असा तत्काळ प्रकट करावा, हे औदार्यच वाटते. ग्रंथ नीट वाचला म्हणजे मात्र हे प्रकटीकरण गुप्ततेचेच एक साधन होते, हे ध्यानात येते. आणि त्याची साक्ष बाहेर शोधावी लागत नाही, ती संहितेतच मिळते.

प्रथम शीर्षकच पाहावे. लष्करी प्रयोजनांसाठी अणुशक्तीचा उपयोग करण्याच्या पद्धतींचा विकास, असा त्या लांबलचक शीर्षकाचा आशय आहे. ‘बाँब’ हा शब्द त्यात नाही. निवेदनाची शैली पाठ्यपुस्तकाची : शांत, क्रमबद्ध, निर्विकार. या निर्विकारपणाला जनरल ग्रोव्ह्ज यांच्या प्रास्ताविकाची चौकट आहे. वृत्तांतात जे आहे त्यापलीकडे काही प्रकट करणारा हेरगिरीविरोधी कायद्याखाली कठोर शिक्षेस पात्र होईल, असे तेथे बजावले आहे. म्हणजे वाचकाला माहिती देणे एवढाच या ग्रंथाचा हेतू नव्हता. शास्त्रज्ञांनी कोठवर बोलावे याची सीमारेषा आखणे हाही होता. ग्रंथ छापण्याची मुभा सर्वांना होती. ज्याच्यापुढे जायचे नाही ती रेषा सर्वांना दिसणे आवश्यकच होते!

या सीमारेषेने कथेचा नायकही निवडला. अणुगर्भाच्या विखंडनाचे मूलभूत पदार्थविज्ञान १९४० पूर्वीच बरेचसे प्रसिद्ध झाले होते. ते सांगण्यात धोका नव्हता. प्लुटोनियमचे रसायन, त्याचे धातुविज्ञान, स्फोटकांची रचना या गोष्टी नव्या होत्या. म्हणून त्या त्रोटक झाल्या किंवा गाळल्या गेल्या. नागासाकीवरील बाँब ज्या अंतःस्फोटाच्या तत्त्वावर आधारलेला होता, त्याचे वर्णन येथे नाही. परिणाम असा झाला की, मूठभर पदार्थवैज्ञानिकांच्या प्रज्ञेचे फळ म्हणजे अणुबाँब, ही प्रतिमा लोकमानसात रुजली. रसायनशास्त्रज्ञ, धातुतज्ज्ञ, अभियंते आणि कामगार यांच्या वाट्याला दुय्यम भूमिका आली. ही इतिहासदृष्टी कोणा इतिहासकाराने विचारपूर्वक घडवलेली नाही. काय सांगणे निर्धोक आहे, या प्रश्नाच्या उत्तरातून ती निपजली.

याहूनही उद्बोधक आहे तो या ग्रंथातील एक पाठभेद. सप्टेंबर १९४४ मध्ये हॅनफर्ड येथील पहिली मोठी अणुभट्टी सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत आपोआप मंदावून बंद पडली. विखंडनातून निर्माण होणारा झेनॉन वायू न्यूट्रॉन शोषून घेत होता. अशा एका अनपेक्षित अडथळ्याने हे कार्य जवळजवळ थांबवलेच होते, असे सुचवणारे एक वाक्य ऑगस्टच्या शासकीय प्रतीत होते. प्रिन्स्टनच्या मुद्रित आवृत्तीतून ते वगळले गेले. रशियन भाषांतरात मात्र ते होते. दोन्ही संहिता कोणीतरी शेजारी ठेवून वाचल्या होत्या, असाच याचा अर्थ होतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जतन केले; तेथे अक्षरे झाकलेली होती, पण पाठ अभंग होता. येथे अक्षरे उघडी आहेत आणि पाठ खंडित आहे. जाणत्या वाचकाला झाकलेल्या अक्षरांपेक्षा हा खंडच अधिक सांगून जातो.

पुढे १९४६ च्या अमेरिकन अणुशक्ती-कायद्याने या क्षेत्रातील ज्ञान जन्मतःच गोपनीय मानण्याचा मार्ग मोकळा केला. १९७९ मध्ये हायड्रोजन बाँबविषयीचा हॉवर्ड मॉरलँड यांचा लेख ‘द प्रोग्रेसिव्ह’ मासिकाने छापू नये, असा मनाई-हुकूम न्यायालयाने दिला. शासनाने खटला मागे घेतल्यावर त्याच वर्षी तो लेख प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही १९४८ मध्ये संविधान सभेत अणुशक्ती-विधेयकावर बोलताना कृष्णमूर्ती राव यांनी, ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणापुरती मर्यादित असताना येथे ती शांततामय संशोधनालाही का लागू करावी, असा आक्षेप घेतला होता. या दोहोंत भेद कसा करावा हे आपणांस कळत नाही, अशा आशयाचे उत्तर नेहरूंनी दिले. त्या प्रांजळ उत्तरात संपूर्ण समस्या सामावलेली आहे.

स्माइथ-वृत्तांताचा शेवट याच समस्येपाशी येतो. अणुशक्तीने उभे केलेले प्रश्न तांत्रिक नसून राजकीय व सामाजिक आहेत आणि त्यांचा निर्णय जनतेनेच केला पाहिजे, असे लेखक सांगतो. ज्या जनतेला निर्णयाचा अधिकार द्यायचा, तिच्यापुढे निवडक पुरावाच ठेवायचा, ही विसंगती ग्रंथाच्या मर्मस्थानी आहे. ती लेखकाच्या अप्रामाणिकपणातून आलेली नाही, असे मानण्यास आधार आहे. १९५४ मध्ये ओपेनहायमर यांना गोपनीय माहितीचा अधिकार परत द्यावा की नाही, हा प्रश्न अणुशक्ती आयोगापुढे आला तेव्हा पाच सदस्यांपैकी एकट्या स्माइथ यांनी विरोधी मत नोंदवले. ओपेनहायमर यांनी एकही गुपित फोडल्याचा पुरावा नाही, हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. तो निर्णय अमेरिकन शासनाने रद्द केला तो डिसेंबर २०२२ मध्ये. तोवर दोघेही हयात नव्हते.

स्माइथ यांचे ते छोटेसे मतपत्र वाङ्मय म्हणून वृत्तांताहून श्रेष्ठ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वृत्तांतात सीमारेषा दुसऱ्याने आखली होती आणि लेखक तिच्या आत राहून नेमके लिहीत होता. मतपत्रात त्याने स्वतः न्याय केला. ज्ञानाच्या रक्षणासाठी काही मौन आवश्यक असेलही. पण त्या मौनाने घडवलेल्या कथेलाच इतिहास समजणे वाचकाने नाकारले पाहिजे. संहितेतील गाळलेल्या जागा दाखवून देणे हे समीक्षेचे जुनेच कर्तव्य आहे. शासनाच्या गद्यालाही ते लागू करण्यात आपण संकोच का करावा?