पटाचारेची गाथा आणि आघाताचे वाचन

धर्मग्रंथांचा अर्थ मानसिक आघात व त्यातून सावरणे या अंगाने लावण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मार्क एप्स्टाइन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या 'द ट्रॉमा ऑफ एव्हरीडे लाइफ' या ग्रंथात बुद्धचरित्राचे मर्म महामायेच्या अकाली मृत्यूत शोधले आहे. ही दृष्टी पालि वाङ्मयाला कितपत लागू पडते, हे थेरीगाथेच्या आधारे तपासणे इष्ट होय.

यासाठी पटाचारेचे उदाहरण सर्वांत जवळचे. सर्पदंशाने पती गेला, ससाण्याने तान्हे मूल नेले, थोरला मुलगा प्रवाहात वाहून गेला, घर कोसळून आईवडील व भाऊ दगावले. वस्त्राचेही भान हरपलेल्या या स्त्रीला तथागतांनी आधी भानावर आणले व मग धम्म सांगितला. आधी स्मृती, नंतर उपदेश हा क्रम आघाताच्या अभ्यासकांनाही मान्य व्हावा.

परंतु ही कथा अट्ठकथेतील आहे. पटाचारेच्या नावावरील पाच गाथांत या हानीचा उल्लेखही नाही. तेथे नांगरणारे व पेरणारे शेतकरी आहेत, पाय धुतलेल्या पाण्याचा उताराकडे जाणारा ओघळ आहे, विझणारा दिवा आहे. शोक सांगणे थेरींना वर्ज्य नव्हते. किसा गोतमीच्या गाथांत तशाच आपत्तीचे वर्णन येते. पटाचारेने मात्र आपले दुःख नव्हे, आपला प्रयत्न सांगितला. पुढे पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या स्त्रिया तिच्याच उपदेशाने सावरल्याचे थेरीगाथाच सांगते. तिला केवळ आघाताची नायिका मानले, तर तिच्यातील आचार्या दिसेनाशी होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मोहरीच्या दाण्यांच्या कथेत किसा गोतमीला प्रत्येक घरी मृत्यू आढळला. पण कर्जापायी झालेली आत्महत्या प्रत्येक घरी नसते. भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला मानवत नाही; तेथे पेरले म्हणजे धन मिळतेच, असे नाही. अमरावती, अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना विशेष मदत जाहीर करावी लागली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. अशा शोकाला 'मृत्यू सर्वांनाच आहे' हे उत्तर खरे असूनही अपुरे आहे. त्याने गुन्हेगार झाकला जातो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची दृष्टी येथे निर्णायक ठरते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण वृद्ध, रोगी व प्रेत यांच्या दर्शनात मानले नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेल्या कलहात त्यांनी ते मांडले. एप्स्टाइन मातृवियोगाकडे पाहतात. बाबासाहेब पाण्याच्या वाटणीकडे. पहिल्या वाचनात जखमेवर उपचार आहे, दुसऱ्यात जखम करणाऱ्या व्यवस्थेची चौकशी.

यास्तव आघाताचे वाचन त्याज्य नाही. शोकग्रस्ताशी कसे वागावे, हे ते शिकवते. मात्र वर्षावासातील ग्रंथवाचनात पटाचारेची कथा सांगताना दोन प्रश्न सोबत असावेत: या बाईला भानावर कसे आणावे, आणि तिचे दुःख निसर्गाने दिले की माणसांनी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'माणसांनी' असेल, तर केवळ सांत्वनावर थांबता येणार नाही.