दवाखान्याचे निमित्त

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही उभयता माथेरानला दोन दिवस राहून आलो. दोन किरकोळ रजा आणि एक रविवार, एवढीच चैन. बीडहून एस.टी.ने पुणे, तेथून नेरळ आणि मग डोंगर. गल्लीत मात्र आम्ही सांगितले, "पुण्याला दवाखान्याचे काम आहे." कोणीही पुढे काही विचारले नाही. उलट शेजारच्या खालांनी दुआ दिली. नवरा-बायको आजारपणासाठी घराबाहेर पडले तर दुआ मिळते, आनंदासाठी पडले तर खुलासा द्यावा लागतो. हे खोटे बोलताना आम्हाला वाईट वाटले, पण त्याहून जास्त वाटले ते असे की, आपली कथाही नेमके हेच करते.

उर्दू अफसान्यात पहाड काही कमी नाही. कृष्णचंदर यांचे बालपण पुंछमध्ये गेले आणि काश्मीर त्यांच्या लेखणीत कायमचे उतरले. मंटोही काही काळ बटोतला राहिला आणि त्या डोंगरांनी त्याला कथा दिल्या. परंतु या कथांत बहुधा मैदानातून एकटा तरुण वर येतो, मुलगी मात्र तेथलीच असते. लग्न होऊन एकत्र पहाड चढणारे जोडपे त्यांत शोधावे लागते. हिंदी सिनेमाने हीच रीत पुढे नेली. 'कश्मीर की कली' (१९६४) किंवा 'जब जब फूल खिले' (१९६५) पाहा. पहाड प्रेमाचा, आणि लग्नानंतरचा संसार पडद्याबाहेरचा.

मग लग्न कुठे भेटते? ते घरात भेटते. राजिंदरसिंग बेदींची 'अपने दुख मुझे दे दो' ही त्याची सर्वांत उंच जागा. इंदू पहिल्याच रात्री मदनकडे त्याची दुःखे मागते, आणि मग सासरा, दीर, नणंद यांच्या गर्दीत ती मागणी निभावते. कथा थोर आहे, याबद्दल वाद नाही. मात्र तिच्या थोरवीचा एक परिणाम असा झाला की दुःख वाटून घेणे हीच दांपत्याची एकमेव कसोटी ठरली. सुख वाटून घेण्याला आपण साहित्याचा विषयच मानले नाही.

आमच्या वाचनात आलेल्या मुस्लिम मराठी कथांकडे या नजरेने पाहिले तर काय दिसते? नवरा-बायको एकत्र उंबरठा ओलांडतात ते दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, दंगलीतून जीव वाचवण्यासाठी, नाहीतर मय्यतीला. हे सारे खरे आहे, आणि ते लिहिणाऱ्यांनी मोठे काम केले आहे. पण वाचणाऱ्याला त्यातून असेही वाटू लागते की या समाजातल्या जोडप्याला केवळ अडचणीच असतात. बाहेरचे लोक आपल्याविषयी हेच समजतात, अशी आपण तक्रार करतो. मग आपल्या कथेने तरी वेगळे काय सांगितले?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हॉटेलची खोली ही पगारदारांची चैन. गरिबाच्या कथेत तिचे काय काम? या आक्षेपाचे उत्तर कृष्णचंदर यांच्याच 'कालू भंगी'त आहे. त्यात लेखक कबूल करतो की इस्पितळातल्या साऱ्यांवर आपण लिहिले, पण झाडू घेऊन उभ्या असलेल्या कालूवर लिहिले नाही. पहाडावरच्या हॉटेलची कथा लिहिणाऱ्याने हा झाडू विसरता कामा नये. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे माणूस माणसाला रिक्षात बसवून ओढत नेई. ती प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिला. आम्ही रिक्षा केली नाही, चालत गेलो. पण आमची बॅग एकाच्या डोक्यावर होतीच. नेरळहून चढणारी चिमुकली गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांनी बांधली, हे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. ज्यांच्या हातांनी तो एकवीस किलोमीटरचा रूळ पडला, त्यांची नावे आम्हालाही सांगता येत नाहीत.

आणि बीडच्या माणसाला तर आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. आमच्या जिल्ह्यातून दर हिवाळ्यात हजारो जोडपी घर सोडतात, ती ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या त्या जोडीला नाव आहे 'कोयता'. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. दोन माणसांच्या नात्याला हत्याराचे नाव! पुण्याच्या वाटेवर नगर जिल्ह्यात एस.टी.च्या खिडकीतून त्यांच्या कोप्या दिसल्या. तीही हिवाळ्यातली जोडप्याची सफरच, पण तिथेही दोघांना एकान्त नाहीच. म्हणून आम्हाला वाटते, एकान्त ही श्रीमंतांची चैन नाही. ती सर्वांची गरज आहे, मिळते मात्र थोड्यांना. कथेने विषय करावा तो या तफावतीचा. हॉटेलच्या खिडकीतले धुके तर कोणीही लिहील.

त्या रात्री खोलीत आम्ही 'पूरे चाँद की रात' पुन्हा वाचली. प्रियकर तिला दुसऱ्या पुरुषासोबत पाहतो, काही न विचारता निघून जातो आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी परततो तेव्हा कळते की तो तिचा भाऊ होता. आजवर आम्ही ही कथा नियतीची म्हणून शिकवत आलो. बेगम मात्र रजई ओढून म्हणाल्या, "एक बार पूछ लिया होता तो इत्ते साल नै जाते." आमच्या दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात. विचारायचे राहून गेलेले आमचेही बरेच काही होते. त्यातले थोडे त्या रात्री विचारून झाले. पहाडाचा उपयोग एवढाच, आणि तो कमी नाही.

परतल्यावर अम्मींना खरे सांगून टाकले. रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "तुम्हारे अब्बा के साथ मैं एक्कीच बार बाहर गई. औरंगाबाद. उनके आँख के ऑपरेशन को." मग त्यांनी विचारले, "उप्पर थंडी थी क्या?"

अम्मींचा तो एकुलता प्रवासही दवाखान्याचाच होता. आपल्या लेखकांना आमची विनंती आहे की, पुढच्या कथेतल्या जोडप्याला एकदा तरी निमित्ताशिवाय घराबाहेर पडू द्यावे.