चालता ट्रक आणि उभा ट्रक : अनुकरणक्रीडेतील वास्तवाचा प्रश्न

ट्रक चालविण्याच्या संगणकीय खेळांविषयी खेळाडूंमध्ये जी चर्चा चालते, तीत ‘वास्तव’ ह्या शब्दाइतका वारंवार येणारा दुसरा शब्द नाही. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर ह्या संस्थेने २०१२ मध्ये ‘यूरो ट्रक सिम्युलेटर २’ आणि २०१६ मध्ये ‘अमेरिकन ट्रक सिम्युलेटर’ हे खेळ प्रसिद्ध केले. तेव्हापासून ही चर्चा अखंड चालू आहे. भारतीय खेळाडूही तीत आहेत. त्यांच्यापैकी काहींनी आपल्याकडील ट्रक आणि बसगाड्या रंगरंगोटीसह तयार करून ह्या खेळांत आणल्या आहेत. ह्या मतांकडे करमणुकीची बडबड म्हणून दुर्लक्ष करणे बरोबर होणार नाही. वास्तवाचे चित्रण म्हणजे काय, हा टीकाशास्त्रातील जुना प्रश्न येथे टीकाशास्त्राची परिभाषा न जाणणाऱ्या मंडळींनी मोठ्या आस्थेने हाताळला आहे.

तक्रारींचे स्वरूप प्रथम पाहावे. ब्रेक फार लवकर लागतात, भरलेल्या गाडीचे ओझे जाणवत नाही, इंजिनाचा आवाज खरा नाही, यंत्राने चालविलेली इतर वाहने अकारण आडवी येतात, अशा त्या तक्रारी आहेत. निर्मात्यांनी त्यांची दखल घेतलेली दिसते. गिअर आपोआप बदलावेत की क्लचसह हाताने, हवेच्या ब्रेकमधील दाब खराखुरा कमी व्हावा की नाही, ट्रेलर किती डळमळावा, चालकाला झोप यावी की नाही, नियमभंगाबद्दल दंड व्हावा की नाही, हे सर्व खेळाडूने स्वतः ठरवावयाचे असते. वास्तवाची मात्रा वाचकाच्या हाती देणारी कादंबरी अद्याप कोणी लिहिलेली नाही. येथे ती सोय आहे.

मतांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाला प्रत्येक सोय ही प्रतारणा वाटते. दुसरा म्हणतो, दिवसभराच्या कामानंतर मनुष्य खेळावयास बसतो, त्याला पुन्हा काम का द्यावे? मराठी वाचकाला ह्यात ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर ह्यांच्या नावांशी जोडलेल्या कलावाद-जीवनवादाचा प्रतिध्वनी ऐकू येईल. परंतु ते साम्य वरवरचे आहे. तेथे कलेचे जीवनाशी नाते कोणते, हा प्रश्न होता. येथे दोन्ही पक्षांनी जीवन म्हणजे सुकाणूमागील हातापायांची क्रिया, हे आधीच मान्य करून टाकले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील लोकधर्मी आणि नाट्यधर्मी हा भेद अधिक उपयोगी पडतो. लोकव्यवहार जसाच्या तसा दाखविणे हा एक धर्म, संकेताने सुचविणे हा दुसरा. कोणताही प्रयोग दोहोंच्या मिश्रणातून उभा राहतो. तेव्हा एखादी गोष्ट संकेताने का दाखविली हा आक्षेपच होऊ शकत नाही. विचारावयाचे ते हे की, कोणत्या गोष्टी लोकधर्मी ठेवल्या, कोणत्या संकेताच्या स्वाधीन केल्या, आणि कोणत्या रंगभूमीवर आल्याच नाहीत.

ह्या खेळांतील सर्वांत मोठा संकेत काळाचा आणि अंतराचा आहे. यूरोपच्या खेळात भूमी सुमारे १:१९ ह्या प्रमाणात आखलेली आहे. अमेरिकेच्या खेळात ते प्रमाण प्रथम १:३५ होते. अंतरे फारच आखूड वाटतात अशी कुरकूर झाल्यावर २०१६ च्या अखेरीस ते १:२० करण्यात आले. पहिल्या प्रमाणाने मुंबई-पुणे हे दीडशे किलोमीटरांचे अंतर आठ किलोमीटरांत बसेल. रे रोडहून निघालेल्या गाडीला पुणे कुर्ल्याच्या अलीकडेच लागेल. घड्याळही त्याच वेगाने धावते. तरीही प्रवास ‘खरा’ वाटतो, हे बहुतेक खेळाडू मान्य करतात. ह्याचे कारण बा. सी. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगावयाचे तर लय टिकते हे होय. चढण, उतार, नाका, पुन्हा मोकळा रस्ता, ह्यांतील संवाद आणि विरोध आकुंचित काळातही अबाधित राहतात.

संकोच नाकारला तर काय होते, ह्याचे उदाहरणही उपलब्ध आहे. पेन आणि टेलर ह्या अमेरिकन जादूगारांसाठी १९९५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या, पण त्या वेळी बाजारात न आलेल्या एका खेळसंचात ‘डेझर्ट बस’ नावाचा खेळ होता. टूसॉनपासून लास व्हेगासपर्यंत रिकामी बस प्रत्यक्ष आठ तास चालवावयाची, तीही किंचित एका बाजूला ओढणारी. पोहोचल्यावर एक गुण. खेळांतील हिंसेवर त्या काळी जी टीका होत होती, तिची ही थट्टा होती. परंतु ह्या निरस आठ तासांतही बस चालतच असते.

येथे रे रोडचा विचार अपरिहार्य होतो. लॉर्ड रे ह्या गव्हर्नरच्या नावाचे हे स्थानक १९१० पासून हार्बर मार्गावर आहे. रस्त्याला आता बॅरिस्टर नाथ पै ह्यांचे नाव आहे. पूर्वेला दारूखाना, जुनी जहाजे मोडण्याची जागा, लोखंडाचा बाजार, लाकडाच्या वखारी, बंदराची जमीन. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर मालाचा मोठा ओघ खाडीपलीकडे गेला, तरी ट्रक ह्या भागातून गेलेले नाहीत. आणि येथे दृष्टीस पडतो तो प्रायः उभा ट्रक. तो मालाची, कागदाची, हमालांची, शहरात अवजड वाहनांना मोकळीक मिळण्याच्या वेळेची वाट पाहत असतो. २०१७ च्या जुलैपर्यंत मुंबईत जकात होती, तेव्हा ही प्रतीक्षा मुलुंड-दहिसरच्या नाक्यांवरच सुरू होत असे. चालकाच्या धंद्याचा केवढा तरी भाग चाके न फिरता पार पडतो.

खेळात ह्यातले काय उरते? माल चढविण्याच्या क्षणी पडदा काळा होतो आणि उजळतो तेव्हा ट्रेलर भरलेला असतो. महाराष्ट्रात ज्यांच्यासाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ते माथाडी त्या काळोखात नाहीसे झालेले आहेत. क्लीनर तर कोठेच नाही. ट्रेलर मागे घेऊन फलाटाला लावणे हा खेळाडूंच्या मते वास्तवाचा कळस. कठीण जागी लावल्यास अधिक गुण, सोप्या जागी कमी, अगदी टाळल्यास काहीच नाही, अशी श्रेणीही लावून दिली आहे. हे कौशल्य खरोखरच अवघड असून खेळाने ते सचोटीने उतरविले आहे. त्याचे श्रेय द्यावयास हवे. परंतु वखारीच्या बोळात ट्रक मागे येतो तो दोन माणसांनी. एक आत सुकाणूवर असतो, दुसरा मागे उभा राहून गाडीच्या अंगावर थाप मारीत ‘आने दो’ म्हणतो. खेळाडूला आरसे अचूक हवे आहेत, थाप नको आहे. अनुकरणातील ही उणीव यंत्राच्या मर्यादेमुळे आलेली नाही, कारण कोणी ती मागितलेलीच नाही.

विश्रांतीचेही असेच. खेळातल्या चालकाला झोप येते, जांभया येतात, थांबून निजावे लागते. ह्यावर पुष्कळ वाद झाले आहेत. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने आपल्याकडे दिवसाला आठ तासांची मर्यादा आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. तिथे प्रश्न झोप येते की नाही हा नसून, झोपेला अवकाश कोण देतो हा आहे. खेळात तो अवकाश खेळाडूचा स्वतःचा असतो, कारण तो लवकरच मालक होतो. प्रथम दुसऱ्याच्या गाडीवर खेपा, मग बँकेचे कर्ज, स्वतःची गाडी, गॅरेज, आणि अखेर पगारी चालक. हे चालक पडद्याआड खेपा करतात आणि त्यांची कमाई आकड्यांच्या रूपाने जमा होते. ब्रेकच्या दाबाविषयी जागरूक असलेला टीकाकार ह्या चढत्या कमानीला अवास्तव म्हणत नाही. कथानकातील स्वप्नरंजन तपशिलाच्या अचूकपणामागे लपते, हा अनुभव मराठी कादंबरीच्या अभ्यासकाला नवा नाही.

खेळाने सर्व जीवन दाखवावे अशी मागणी करणे अर्थातच गैर आहे. रॉजे कैवा ह्या फ्रेंच लेखकाने १९५८ च्या आपल्या ग्रंथात क्रीडेचे जे लक्षण बांधले, त्यात ती काही उत्पन्न करीत नाही हे एक लक्षण आहे. प्रतीक्षा कंटाळवाणी असते म्हणून गाळली, एवढ्यावर दोष ठेवता येत नाही. मात्र ती गाळल्यावर उरलेल्या अंशाला ‘संपूर्ण वास्तव’ ही पदवी खेळाडूच देतात, आणि पदवी दिली की तिची परीक्षा करणे टीकाकाराला प्राप्त होते.

शिवाय प्रतीक्षा खेळातून कायमची गेलेली नाही. २०१४ पासून ‘ट्रकर्स एमपी’ ह्या खेळाडूंच्याच योजनेमुळे अनेकांना एकाच भूमीवर गाड्या चालविता येतात. त्यात काले ते डुइसबुर्ग हा रस्ता विशेष प्रसिद्ध झाला. सगळी यूरोपची भूमी मोकळी असताना मंडळी तेथेच जमतात, आणि गाड्यांमागे गाड्या तिष्ठत राहतात. यंत्राने चालविलेल्या वाहनांच्या जागी माणसे आली आणि ट्रक उभा राहिला. घासाघीस, आडमुठेपणा, मागच्याचा भोंगा, पुढच्याने न हलणे, हे सर्व तेथे कोणी न रचता घडते. ह्या रस्त्याविषयीची मते पाहिली तर त्यांत एक तक्रार ठळकपणे आढळते : येथील वाहतूक अगदीच अवास्तव आहे.