फॅटचा दर आणि स्निग्धांशाची प्रत : मंचर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

गाईच्या आहारात बदल करून दूध व मांस यांतील स्निग्धांशाची घडण सुधारता येते, हा विचार पाश्चात्त्य पशुपोषणशास्त्रात १९८० नंतर बळावला. महाराष्ट्रात २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर त्यातील मांसाचा भाग अप्रस्तुत ठरतो. म्हणून प्रस्तुत लेख दुधापुरता मर्यादित आहे. पराग मिल्क फूड्सचा (स्थापना १९९२) प्रकल्प आणि आंबेगाव-जुन्नरमधील गावोगावची संकलन केंद्रे यांमुळे मंचर परिसरात दूध हे जणू नगदी पीकच झाले आहे.

संकलन केंद्रावर मोजले जाते ते फॅटचे प्रमाण. गाईच्या दुधासाठी ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ ही गुणप्रत पायाभूत धरण्याची पद्धत राज्यात रूढ आहे. त्या फॅटमध्ये कोणती मेदाम्ले आहेत, याची दरपत्रकास गरजच नसते. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे.

दुधातील स्निग्धांशापैकी साधारणतः दोन-तृतीयांश मेदाम्ले संपृक्त असतात. हिरव्या चाऱ्यात लिनोलेनिक आम्ल विपुल असते. परंतु कोटीपोटातील जिवाणू त्याचा बहुतांश भाग संपृक्त करून टाकतात. या प्रक्रियेत मधल्या टप्प्यावर निर्माण होणारे व्हॅक्सेनिक आम्ल रक्तावाटे कासेत पोचते व तेथे त्यापासून संयुग्मी लिनोलेइक आम्ल बनते. कुरणात चरणाऱ्या गाईच्या दुधात ते अधिक आढळते, त्याचे कारण हेच. चारा वाळवताना लिनोलेनिक आम्ल बरेच घटते. त्यामुळे डिंभे धरणाच्या पाण्यावर पिकणारी लसूणघास व हत्तीगवत यांचे मोल कडब्याच्या मापाने करता येत नाही. 'आरोग्यदायी दूध' या जाहिराती मात्र अतिरंजितच; आहाराने होणारा बदल मर्यादित असतो.

आता शेतकऱ्यापुढील पेच पाहू. जवस वा अन्य तेलबिया आहारात वाढवल्यास संपृक्तता कमी होते. परंतु तेलाचे प्रमाण अधिक झाले व जोडीला वैरणीतील तंतुमय भाग कमी पडला, तर कोटीपोटात तयार होणारे दुसरे एक संयुग्मी आम्ल कासेतील स्निग्धांशनिर्मितीच रोखते. फॅट ३.५ च्या खाली घसरते आणि दर कापला जातो. याउलट पामिटिक आम्लाने समृद्ध असे पामतेलजन्य 'बायपास फॅट' दिल्यास फॅट वाढते, दरही मिळतो. वाढते ते मात्र मुख्यतः संपृक्त आम्ल. दुधाची प्रत सुधारू पाहणाऱ्यास दंड व तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्यास बक्षीस, असा हा उफराटा व्यवहार आहे. विस्तार-साहित्यही 'फॅट कसे वाढवावे' याच प्रश्नाभोवती प्रामुख्याने घोटाळते, ही खेदाची बाब होय.

तपासणी अशक्य आहे, हा युक्तिवाद टिकणारा नाही. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या यंत्रांनी मेदाम्लांच्या मुख्य गटांचा अंदाज घेता येतो. प्रत्येक किटलीसाठी नव्हे, तरी गावाच्या एकत्रित नमुन्यासाठी प्रकल्पस्तरावर ते शक्य आहे. फॅटपलीकडील गुणांसाठी ग्राहक पैसे मोजतो, हे मंचरच्याच भाग्यलक्ष्मी फार्मवरील दुधाच्या 'प्राइड ऑफ काऊज' या २०११ मध्ये सुरू झालेल्या नाममुद्रेने दाखविले आहे. हिरवा चारा घालणाऱ्या चार गाईंच्या मालकाचे दूध मात्र टँकरमध्ये इतरांच्या दुधात मिसळते, आणि त्याच्या हाती पडते ती फॅटची पावती.