प्रथम वर्षाचा विद्यार्थी आणि मूळ साधन
(चिंचवड-चाकण परिसराच्या निमित्ताने)

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा प्रसिद्ध केला व ज्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी आपला निर्णय काढला, त्यात संशोधनास स्थान मिळाले याचे संशोधकवर्गास समाधान वाटणे स्वाभाविक आहे. आम्हांसही ते वाटले. परंतु ते स्थान कोठे दिले आहे हे पाहू गेल्यास समाधान अर्ध्यावर येते. संशोधनप्रबंध चौथ्या वर्षी, बारा श्रेयांकांचा. आणि तोही पहिल्या सहा सत्रांत शेकडा ७५ वा अधिक गुण मिळविणारासच खुला. म्हणजे तीन वर्षे दुसऱ्यांनी काढलेले निष्कर्ष पाठ करावयाचे, ते चांगले पाठ झाले असे परीक्षेत दाखवावयाचे, आणि मग मूळ साधनास हात लावण्याचा अधिकार मिळवावयाचा. मध्यंतरी क्षेत्रप्रकल्पास थोडी जागा आहे, हे खरे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष या दृष्टीने कोरडेच जाते. ही योजना उलट्या क्रमाची आहे असे आमचे मत आहे.

याच पुणे विद्यापीठाने अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षाच्या दुसऱ्या सत्रात प्रकल्पाधारित अध्ययन ठेवले होते. विद्यार्थ्यांचे लहान गट करावयाचे, प्रत्येक गटास एक मार्गदर्शक अध्यापक द्यावयाचा, आणि गटाने एखादा प्रश्न स्वतः निवडून सोडवावयाचा, अशी ती रचना. आकुर्डी-निगडीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यास अठराव्या वर्षी जे देता येते ते त्याच वस्तीतील कलाशाखेच्या विद्यार्थ्यास का देता येऊ नये, याचे उत्तर आम्हांस कोठे सापडत नाही. अर्थात अभियांत्रिकीतील प्रकार सर्वत्र निर्दोष चालला असे नव्हे. बाजारातून तयार प्रतिकृती आणून तीवर आपली नावे चिकटविण्याची कला आपल्या विद्यार्थ्यांस कोणी शिकवावी लागत नाही. पण हा दोष मार्गदर्शकाच्या गैरहजेरीचा आहे, विद्यार्थ्याच्या वयाचा नव्हे.

या कारखानी पट्ट्यात राहणारास ही गोष्ट अधिक स्पष्ट करून सांगण्याचे कारण नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकावयास गेलेल्या मुलास धातुशास्त्र संपेपर्यंत बाहेर बसवीत नाहीत. पहिल्याच आठवड्यांत त्याच्या हाती कानस येते व लोखंडाचा एक ठोकळा येतो. तो सपाट झाला की नाही हे गुण्या लावून गुरू पाहतो व बहुधा पुन्हा घासावयास सांगतो. ठोकळ्याची किंमत अल्प असते. मोडला तरी यंत्र बंद पडत नाही. आमच्या शास्त्रातही असा ठोकळा शोधून काढणे हेच मुख्य काम आहे. शेलारवाडीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख काही पहिल्या वर्षाचा ठोकळा होऊ शकत नाही. तेथे अक्षरवटिका, प्राकृत व जीर्णता या तिन्ही अडचणी एकदम पुढे येतात, आणि कोवळा विद्यार्थी एक तर पळतो किंवा, याहून वाईट, कल्पनेने वाचू लागतो.

उलट चिंचवडचा लेख पाहा. मोरया गोसावींच्या समाधिमंदिरातील देवनागरी लेखाचे जे वाचन १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात दिले आहे, त्याप्रमाणे बांधकामास आरंभ शके १५८० विलंबी संवत्सरी कार्तिक शुद्ध द्वादशीस व समाप्ती शके १५८१ विकारी संवत्सरी आषाढ शुद्ध चतुर्थीस झाली. विद्यार्थ्याने प्रथम हे छापील वाचन दगडाशी अक्षरशः ताडावे. नंतर शक व संवत्सर यांचा मेळ बसतो की नाही हे पाहावे : शकात १२ मिळवून ६० ने भागावे, शेष उरेल तो प्रभवादि क्रमांक. १५८० स शेष ३२ येतो, बत्तिसावा संवत्सर विलंबी. १५८१ स ३३, तो विकारी. मेळ बसला. मग इसवी सन काढावा. कार्तिक व आषाढ हे दोन्ही महिने इसवी वर्ष बदलण्यापूर्वीचे, म्हणून दोहोंस ७८ च मिळवावयाचे. १६५८ व १६५९ ही साले येतात. हाच लेख माघातला असता तर ७९ मिळवावे लागले असते, हे एकदा स्वतः करून पाहिलेला मुलगा जन्मभर विसरत नाही. यापुढे खरा प्रश्न उभा राहतो. कार्तिकापासून आषाढापर्यंत आठ महिनेही पुरते होत नाहीत. मध्ये अधिकमास पडला होता काय, हे जंत्रीत पाहावे लागेल. एवढ्या अवधीत जे उभे राहिले ते आज दिसणारे सर्व मंदिर, की त्याचा गाभाराच? आज दिसणाऱ्या इमारतीचे कोणते थर त्या काळचे? हा प्रश्न अध्यापकाने सांगितलेला नसून लेखाच्या पोटातून निघाला आहे. येथवर येण्यास विद्यार्थ्यास बेरीज, भागाकार, बाळबोध अक्षर आणि दोन-तीन दुपारी एवढेच भांडवल लागले.

चाकणलाही असा ठोकळा आहे. संग्रामदुर्गास १६६० साली शायिस्तेखानाने वेढा घातला व फिरंगोजी नरसाळा याने तो सुमारे दोन महिने लढविला, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु तट-बुरुजांचे जे अवशेष वस्तीने वेढून राहिले आहेत, त्यांची फीत लावून मोजणी करून नकाशा काढणे हे काम पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी करू शकतात. हे काम आज झाले नाही तर काही वर्षांनी मोजावयास काय उरेल, हे चाकणच्या रस्त्यांनी हिंडणारास सांगणे नको. जमिनीस भाव आला की वाडा पडतो, आणि वाडा पडला की माळ्यावरचा बस्ता रद्दीत जातो. मोडी वाचणारी वृद्ध पिढी तर आता जवळजवळ संपलीच.

केंब्रिजहून १९८९ साली लॉरेन्स प्रेस्टन यांचा चिंचवडच्या देव घराण्यावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. परदेशी अभ्यासक सातासमुद्रांपलीकडून येऊन मोडी शिकतो आणि आमचा विद्यार्थी पुण्याच्या दफ्तरापासून पाच कोसांवर राहून पदवीधर होईतो एक रुमाल सुटलेला पाहत नाही. यात प्रेस्टन यांचा दोष नाही. त्यांचे आम्ही ऋणीच आहोत.

नवशिक्यास संशोधनात घेतल्याने काम बिघडते, ही शंका आमच्या वाचकांपैकी संग्राहकांस येईल. तिचे एक उत्तर भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत आहे. १९१९ साली आरंभ होऊन १९६६ साली पूर्ण झालेले ते कार्य एका सुखठणकरांच्या विद्वत्तेवरच उभे राहिले नाही. हस्तलिखिते समोर ठेवून अक्षरागणिक पाठभेद कोष्टकात उतरविणारे कितीतरी हात त्यामागे होते. पाठनिर्णय संपादकाचा, पण उतरून घेणे अनेकांचे. वा. सी. बेंद्रे यांनी १९२८ साली ‘साधन-चिकित्सा’ लिहिली, तीही साधनांत प्रत्यक्ष वावरून. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील शाखेने २००५ पासून प्रथम वर्षाच्या विज्ञान विद्यार्थ्यांस गटागटाने चालू संशोधनात घेण्याची पद्धत घातली आहे. तेथेही मर्म हेच, की गटास दिलेला प्रश्न खरा असावा, ज्याचे उत्तर मार्गदर्शकासही आधी ठाऊक नाही असा.

मग पहिल्या वर्षी जागा कोठे काढावी? ती आधीच आहे. शासनाच्या नव्या रचनेत पहिल्या वर्षी ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ हा दोन श्रेयांकांचा विषय सक्तीचा ठेवला आहे. आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या माणसाने हे म्हणावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु या तासांत पूर्वजांच्या थोरवीवर व्याख्याने देण्यापेक्षा पूर्वजांच्या हातचा एक कागद वाचविणे हीच ज्ञानप्रणालीची खरी सेवा होय. एका सत्रात मोडीची बाराखडी, पंचवीस ओळींचे एक पत्र, त्याचे लिप्यंतर आणि तिथीची शहानिशा, एवढे सहज होते. ग. ह. खरे यांचा ‘संशोधकाचा मित्र’ हाताशी असावा. या भागातील विद्यार्थी पुष्कळदा मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून कारखान्यांत आलेल्या कुटुंबांतील असतात. सुटीत गावी गेल्यावर घरचे एखादे खरेदीखत त्यांनी छायाचित्र काढून आणले, तर त्यांस ठोकळा शोधण्यास चिंचवडासही येणे नको. पिंपरीतील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालचा. अशा कारखान्यांतील आरंभीच्या कामगारांची पगारपत्रके व पत्रकेही आता साधनांतच मोडतात, जरी काही जुनी मंडळी यावर नाक मुरडतील.

खरी अडचण मार्गदर्शकाची. तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक पुढल्या जूनमध्ये त्याच महाविद्यालयात असेल की नाही हे त्यासच ठाऊक नसते. त्याने गट हाती धरावा कसा? शासनाने आराखडा काढताना या प्रश्नास बगल दिली आहे, आणि आमच्या मते संपूर्ण योजनेचे हेच मर्मस्थान दुबळे आहे. तोवर संशोधनसंस्थांनी व संग्राहकांनी एकेक गट स्वीकारावा. अटी कडक असू द्याव्यात : मूळ कागद न देता त्याचे छायाचित्र द्यावे, मूळ दाखविताना शाईची लेखणी खोलीत नसावी, बोटास थुंकी लावून पान उलटणारास त्या दिवशी घरी पाठवावे, शिलालेखावर तेल, खडू वा रंग लावू नये, आणि वाचन संशयित असेल तेथे प्रश्नचिन्ह घालावे, तर्काने अक्षर भरू नये. लिप्यंतर संस्थेने तपासून छापल्यास खाली वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव पूर्ण द्यावे. मार्गदर्शकाचे नाव ‘तपासले’ या शब्दापुढे यावे, त्याच्या वर नव्हे.