मेलेले लंगडतात, जिवंत धावतात

‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ या झोंबींच्या व्हिडिओ गेमच्या ४२व्या बिल्डची चाचणी आवृत्ती डिसेंबर २०२४मध्ये आली आणि खेळणाऱ्यांनी बोंब ठोकली. कशावरून? तर हात दुखतात म्हणून. कुऱ्हाड, फावडं, बेसबॉलची बॅट, जे सापडेल ते फिरवत राहिलं की पात्राच्या दंडात ताण साचतो, वार ढिला पडतो आणि थोडं थांबावं लागतं. एवढंच. पण जणू कोणी वैयक्तिक अपमान केला अशा सुरात लोक तडकले. शेवटी ‘द इंडी स्टोन’ या छोट्या ब्रिटिश कंपनीनं ताणाचं प्रमाण खाली आणलं, आणि तो आपल्या मर्जीप्रमाणे कमीजास्त करायची सोयही सेटिंगमध्ये ठेवली.

वरूडात बसून हा गलका ऐकताना आधी हसू आलं, मग चीड आली. बागेत संत्र्याची सल काढायला गेलेला गडी दुपारपर्यंत हात झटकायला लागतो. त्याचा तर जन्माचा सराव. आणि या खेळातल्या केंटकीतला कुणी आचारी सकाळपासून चाळीस प्रेतांची डोकी फोडणार, संध्याकाळी कुंपणावरून उडी मारणार, तरी त्याचा खांदा भरून येता कामा नये! हा लेख त्या चिडीतून लिहिला आहे. तेव्हा सर्वांना समान न्याय वगैरे अपेक्षा ठेवू नये.

झोंबीच्या खेळांत एक विचित्र उलटापालट आहे. रोमेरोनं १९६८मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला तेव्हापासून मेलेल्या माणसाच्या चालीवर कलावंतांनी अमाप मेहनत घेतली. पाय घासत येणं, मान एका बाजूला कलंडणं, एक खांदा पडलेला. आपल्याकडच्या ‘झोंबिवली’तसुद्धा (२०२२, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार) डोंबिवलीच्या इमारतींतून अंगावर येणाऱ्या गर्दीच्या हालचालींवर कष्ट घेतलेले दिसतात. खेळांनी हेच उचललं. प्रेताची चाल इतकी बारकाईनं घडवली की एकाचं लंगडणं दुसऱ्यासारखं नाही. आणि जिवंत माणूस? तो पन्नास ठिकाणी फाटला तरी शर्यतीतल्या धावपटूसारखा ताठ. दुखण्याची सगळी अक्कल मेलेल्यांवर खर्च झाली.

सुरुवात अशी नव्हती. ‘रेसिडेंट एव्हिल’नं १९९६मध्ये पडद्यावर जीवाची पट्टी ठेवलीच नाही. सामानाची पेटी उघडली की हृदयाच्या ठोक्यांची रेघ दिसायची, बस. १९९८च्या दुसऱ्या भागात तर पेटी उघडायचीही गरज उरली नाही: नायक लिऑन पोटाशी हात धरून चालायला लागला की कळायचं, वेळ जवळ आली. माहिती अंगात होती, आकड्यात नव्हती. २००८च्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्येही जीव चाळिसाच्या खाली गेला की पात्र खुरडत चालतं, बाकीचे तिघं पुढं निघून जातात, आणि मागं राहिल्याची भीती कुठल्याही राक्षसापेक्षा मोठी होते. मग काय झालं कोण जाणे. ‘डाइंग लाइट’नं गच्च्यांवरून उड्या मारल्या, ‘डेज गॉन’नं मोटारसायकल दिली, ‘डेड आयलंड २’नं प्रेतांची कातडी थराथरानं सोलायचं तंत्र काढलं आणि मारणाऱ्याच्या कातडीचा विचार सोडून दिला. या तिघांवर याहून जास्त शाई घालवण्याची माझी तयारी नाही.

जागा द्यायची तर ‘झोम्बॉइड’ला. वरून तिरप्या कोनातून दिसणारा, जुन्या लॅपटॉपवरही कसाबसा चालणारा हा खेळ २०११पासून घडतोय आणि अजून पुरा झालेला नाही. डिसेंबर २०२१च्या ४१व्या बिल्डनं त्याला नवं अंग दिलं. शरीराचे १७ भाग: पंजा वेगळा, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात वेगळा, मांडी वेगळी, नडगी वेगळी, पाऊल वेगळं. प्रत्येकावर ओरखडा, फाटलेली जखम, खोल घाव, भाजणं, मोड, आत रुतलेली काच, हे स्वतंत्र मोजलं जातं. ओरखड्यातून झोंबीची लागण होण्याची शक्यता शंभरात ७, फाटलेल्या जखमेतून २५, आणि चावा बसला की संपलं, औषध नाही. नवशिका खेळाडू हे आकडे पाठ करतो. मुरलेला खेळाडू आकडे विसरून फुलबाह्यांचं जाड जॅकेट शोधतो.

या रचनेचं खरं मोल लढाईबाहेर कळतं. घरात शिरायचंय, दार बंद, म्हणून तुम्ही खिडकी फोडता. चौकटीतल्या काचा काढायला वेळ नाही, मागून आवाज येतोय. तसेच आत चढता. हाताला काच लागली. आता चिमटा हवा, चिमट्याआधी जंतुनाशक, नंतर सुई-दोरा, पट्टी. यातलं घरात काहीच नाही. चादर फाडून बांधता. रात्री दुखण्यामुळं झोप लागत नाही, कारण या खेळात वेदना झोप उडवते. सकाळी अंग आंबलेलं, त्यात कपाट हलवायला जाता, जमत नाही. धावत कुंपण ओलांडताना अडखळून पडता. संध्याकाळपर्यंत तुम्ही मेलेले असता, आणि मारणारा झोंबी कोणता हे सांगता येत नाही, कारण मारलं त्या खिडकीनं. एका फुटक्या काचेपासून मरणापर्यंतची ही साखळी आधी कुणी लिहून ठेवलेली नाही, ती खेळाच्या नियमांतून आपोआप ओवली जाते. शोकांतिकेची इतकी साधी यंत्रणा मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिली नाही. अनवाणी काचेवरून चाललं तर तळवे कापतात, पाठीवर ओझं वाढलं की पळणं आटपतं, पाय मोडला तर फांदी आणि चिंधी बांधून आधार द्यावा लागतो आणि पुढचे कित्येक दिवस घरात काढावे लागतात. ज्या खेळात घरात पडून राहणं हा डाव असतो, तो मला आवडतो.

पण कौतुकाच्या भरात डोळेझाक करायची नाही. जखम चिघळली, पू झाला, तर ‘झोम्बॉइड’मध्ये काय होतं? जखम सावकाश भरते, थोडं जास्त दुखतं. माणूस मरत नाही. कुजक्या प्रेतांच्या चिखलात पाय खुपसून हिंडणारा माणूस साध्या चिघळण्यानं मरत नाही, हे मला झोंबीपेक्षा जास्त अशक्य वाटतं. आमच्या भागात गंजका खिळा पायात गेला की बाकी सगळं सोडून आधी धनुर्वाताच्या इंजेक्शनला पळतात. खेळातल्या १९९३च्या केंटकीत गंजका खिळाच नाही. लचक नाही, उसण नाही, मुका मार नाही. हाड जुळलं की पाय कोरा करकरीत होतो, वाकडं जुळलं असं कधी होत नाही. वर्षभर जगलेल्या पात्राच्या अंगावर त्या वर्षाची एकही खूण उरत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून चालणं ४१व्या बिल्डमध्ये नाही. म्हणजे शरीराला वेदना दिली, स्मृती दिली नाही.

ही उणीव चाहत्यांनी ओळखली. ‘द ओन्ली क्युअर’ नावाच्या मॉडमध्ये चावा बसलेला हात कापून टाकता येतो आणि मग उरलेला खेळ एका हातानं, नंतर कृत्रिम हातानं खेळायचा. दार उघडण्यापासून पट्टी बांधण्यापर्यंत प्रत्येक कामाचा नव्यानं विचार करावा लागतो. फुकट काम करणाऱ्या हौशी लोकांना जे सुचलं ते व्यावसायिकांना सुचत नाही असं नव्हे. ते गिऱ्हाइकाला घाबरतात.

‘डे-झी’बद्दल थोडं. न्यूझीलंडच्या डीन हॉलची ब्रुनेईच्या जंगलातल्या लष्करी सरावात जी दैना झाली, त्यातून २०१२चा तो मॉड निघाला. पाय मोडला की सरपटायचं, मॉर्फिन मिळेपर्यंत. रक्त गेलं की रक्ताची पिशवी लावायची, आणि ती स्वतःला लावता यायची नाही, दुसरं कुणी लागायचं. एवढ्या एका नियमानं त्या खेळात माणसाला माणसाची गरज निर्माण केली. समोरून बंदूक घेऊन येणारा अनोळखी माणूस लुटणार की रक्त देणार, हा प्रश्न घेऊन लोक महिनोन्महिने खेळले. पुढं स्वतंत्र खेळ निघाला, तो २०१८मध्ये अधिकृत झाला, त्यात रक्तगट आले, पण मोडलेला पाय मात्र बराच काळ गायब होता. तो आणि त्याचा आधार परत यायला २०२० उजाडलं. प्राधान्य कशाला होतं ते यावरून समजून घ्यावं.

झोंबींच्या बाहेर या कामात सगळ्यात पुढं गेला तो कोजिमाचा ‘डेथ स्ट्रँडिंग’ (२०१९). पाठीवरचं ओझं एका बाजूला गेलं की तोल जातो, तोल सावरायला दोन्ही बोटं बटणांवर दाबून धरावी लागतात, बूट झिजतात. चालणं हाच खेळ. लोक त्याला पोस्टमनचा खेळ म्हणून हसले. हसोत.

आता आपल्या घरात येऊ. वरूड-मोर्शीकडच्या पोरांना झोंबी भेटला तो बहुधा २०१९मध्ये, फोनवर, ‘पबजी’च्या ‘रेसिडेंट एव्हिल २’वाल्या मोडमध्ये. तिथं जखमेचं शास्त्र असं: पट्टी बांधा, १० मिळतील, फर्स्ट एड किट वापरा, ७५पर्यंत जाल, मेडकिट वापरा, पूर्ण १००. गोळी मांडीत लागली की बरगडीत, औषध तेच, आणि काही सेकंदांत तुम्ही पुन्हा ताजेतवाने. एका आख्ख्या पिढीची शरीराबद्दलची कल्पना या दुकानी हिशेबावर घडली. नंतर बंदी आली, ‘बीजीएमआय’ नावानं तेच परत आलं, हिशेब तसाच. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’नं २०२४मध्ये ‘इंडस’ काढला. पोशाख भारतीय, देह तोच आयात केलेला.

पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स’नं ‘राजी’मध्ये (२०२०) निदान प्रयत्न केला. ती मुलगी खांबाला धरून गिरकी घेते, भिंतीवरून पाय देऊन उलटते, आणि मल्लखांब पाहिलेल्या माणसाला तिची हालचाल ओळखीची वाटते. पण तीही कधी थकत नाही.

हे सगळं मला झोंबतं, कारण ज्या भागात मी राहतो तिथं हालचालीचं ज्ञान पुस्तकातलं नाही. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभं आहे; १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथलं पथक जर्मनीत जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. शंभराहून जास्त वर्षं पडायचं कसं, पडल्यावर कुठला सांधा वाचवायचा, मुरगळलेल्या पायानं उभं कसं राहायचं, हे शिकवण्याची ही परंपरा. आपल्या स्टुडिओंनी अंगाला सेन्सर लावलेला मल्लखांबपटू खांबावर चढवून त्याची चाल टिपावी, आणि मग तोच मुलगा दमल्यावर, पोटऱ्यांत गोळे आल्यावर पुन्हा टिपावा. दुसरी चाल पहिलीपेक्षा जास्त मोलाची आहे. पण तयार चालींचा परदेशी संच विकत घेणं स्वस्त पडतं, त्यातले सगळे लोक धडधाकट असतात, म्हणून आपल्या खेळांतलेही सगळे धडधाकट.

यावर ठरलेलं उत्तर येतं: खेळ मजेसाठी असतो, दुखणं कुणाला हवंय? या उत्तराचा मला कंटाळा आलाय. वेदना काढून टाकलेलं शरीर म्हणजे काय, ते पाहायचं तर अमरावतीच्या तपोवनाची आठवण करावी. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी उभी केलेली ती वसाहत. कुष्ठरोगात बोटं झडतात ती रोगानं खाल्ली म्हणून, असा समज होता. खरं कारण असं की मज्जातंतू बधिर होतात, चटका कळत नाही, तळव्यात रुतलेला खडा कळत नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. ज्याला दुखत नाही त्याला शरीर सांभाळता येत नाही. मजेच्या नावाखाली खेळांचे निर्माते जो नायक विकतात तो असा बधिर झालेला माणूस आहे, आणि त्याला ते ताकदवान म्हणतात.

शिवाय मजा कुठं असते? पायात मोड असताना, पाच घरं पलीकडच्या दवाखान्यापर्यंत अर्धा दिवस लावून, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून, आवाज न करता पोचणं यात जो थरार आहे तो शंभर डोकी फोडण्यात नाही. निर्णय घ्यावा लागतो तिथं खेळ सुरू होतो. धडधाकट माणसापुढं एकच मार्ग असतो, सरळ जाण्याचा. जखमी माणसापुढं दहा असतात आणि नऊ वाईट असतात. खेळाची रचना शिकवणाऱ्यांनी हे वाक्य नाकारून दाखवावं.

‘झोम्बॉइड’च्या सेटिंगमध्ये ताणाची पट्टी आहे ना, ज्याला नको त्यानं ताण शून्यावर न्यावा, तुमचं काय जातं, असंही म्हणतात. जातं. निर्माता ज्या पातळीवर खेळ सोडतो ती पातळी त्याचं मत असतं. बहुसंख्य लोक ती पट्टी कधी उघडतही नाहीत. एखाद्याच्या हाताला खरंच त्रास असेल, त्याला सवलत हवी असेल, तर दिलीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण आरडाओरडा झाला म्हणून सगळ्यांसाठीच अंग बधिर करायचं, ही माघार आहे. ४२वं बिल्ड अजून चाचणीत आहे. ‘इंडी स्टोन’नं ताण पहिल्या दिवशी होता तिथं परत न्यावा, चिघळलेल्या जखमेनं माणूस मारावा, मोडलेलं हाड कधीकधी वाकडं जुळू द्यावं. मग ज्यांना खेळ सोडायचा त्यांनी सोडावा. केंटकीत गर्दी तशीही फार आहे.