द्वेष गोष्टीच्या वेषात

प्रचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते: उंच व्यासपीठ, त्यावर हातवारे करणारा पुढारी, ओळीत उभे सैनिक आणि फडकणारी निशाणे. हिटलरच्या जर्मनीत हे सारे होतेच. पण एवढ्यानेच एक सुशिक्षित, संगीतवेडे राष्ट्र वश झाले असे मानणे म्हणजे त्या राष्ट्राला मूर्ख ठरवून स्वतःची सुटका करून घेणे होय. आरडाओरड्याचा माणसाला लवकर कंटाळा येतो. गोष्टीचा येत नाही.

याचा दाखला १९४० सालच्या दोन चित्रपटांत मिळतो. दोहोंचा हेतू एकच होता: जर्मन मनात ज्यूंविषयी घृणा रुजवणे. फ्रिट्झ हिप्लरचा ‘चिरंतन ज्यू’ माहितीपटाचे सोंग घेऊन आला. त्यात ज्यूंची तुलना थेट उंदरांच्या झुंडींशी केली होती. प्रेक्षक तिकडे फारसे फिरकले नाहीत. फाइट हार्लानचा ‘यूड झ्यूस’ मात्र सुमारे २ कोटी लोकांनी पाहिला. त्यात व्याख्यान नव्हते, कथानक होते. नाणावलेले नट होते आणि डोळे पुसायला लावणारे प्रसंग होते.

कथानक असे. अठराव्या शतकातल्या व्युर्टेम्बर्ग संस्थानाचा विलासी ड्यूक झ्यूस नावाच्या ज्यू सावकाराच्या मुठीत जातो. झ्यूस प्रजेवर कर लादतो. डोरोथेआ या नवविवाहितेवर त्याची नजर पडते. तिच्या नवऱ्याचा तो छळ मांडतो आणि त्याच्या किंकाळ्या तिच्या कानी पडत असतानाच तिची अब्रू लुटतो. ती पाण्यात जीव देते. शेवटी झ्यूस फासावर जातो आणि सगळ्या ज्यूंना हद्दपारीचा हुकूम सुटतो.

यातला योझेफ झ्यूस ओपेनहायमर इतिहासात होऊन गेला. १७३८ साली स्टुटगार्टला त्याला फाशी झाली. डोरोथेआची करुण कहाणी मात्र चित्रपटवाल्यांनी रचलेली. याच झ्यूसवर लिओन फॉइश्टवांगर या ज्यू लेखकाने १९२५ साली कादंबरी लिहिली होती. तिच्यात अपमृत्यू येतो तो झ्यूसच्याच मुलीला, आणि तिच्या मागे लागलेला असतो तो ड्यूक! नाझींनी १९३३ साली या लेखकाचे नागरिकत्व काढून घेतले. चित्रपटात बळीची जागा आणि गुन्हेगाराची जागा नेमकी उलटली.

आता एक अवघड गोष्ट मान्य केली पाहिजे. डोरोथेआसाठी प्रेक्षकाच्या डोळ्यांत आलेले पाणी खोटे नव्हते. छळ झालेल्या स्त्रीविषयी करुणा आणि छळणाऱ्याविषयी संताप या दोन्ही भावना चांगल्याच आहेत. हार्लानने प्रेक्षकांना दुष्ट केले नाही. त्यांच्या सद्भावनेवरचा पत्ता तेवढा बदलला. एका माणसाविषयीचा राग शेवटच्या दृश्यात एका समाजाच्या हद्दपारीपर्यंत जाऊन पोचतो, आणि ‘तो’चे ‘ते’ केव्हा झाले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. वेर्नर क्राउस या थोर नटाला अनेक ज्यू भूमिका एकट्याने दिल्या होत्या. वरवर ही अभिनयाची कमाल. आतून मात्र एक सूचना, की हे सगळे सारखेच! कसब इतके सफाईदार, की व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपट पाहून मिकेलांजेलो अंतोनिओनीसारख्या तरुण समीक्षकानेही त्याची वाखाणणी केली. नंतर स्वतः मोठा दिग्दर्शक झालेला हा माणूस. त्याचीही पारख तेथे थिटी पडली.

मग करुणेतून संताप चेतवणारी प्रत्येक कलाकृती त्याज्य मानायची काय? तसे केले तर आपल्याला खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’लाही नाक मुरडावे लागेल. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकातही छळली जाणारी स्त्री आहे, उन्मत्त खलनायक आहे आणि प्रेक्षकाच्या वळणाऱ्या मुठी आहेत. कीचकात लोकांनी कर्झन पाहिला. हत्यार तेच, पण ते सत्ताहीनाने सत्ताधाऱ्यावर उगारले होते. सरकारने १९१० साली त्या नाटकावर बंदी घातली. ‘यूड झ्यूस’ मात्र सरकारनेच काढविला, आणि हिमलरने तो आपल्या एस. एस. दलाला व पोलिसांना दाखवण्याचा आदेश दिला. ज्यांच्याविषयी तो होता त्या ज्यूंना १९३८ च्या नोव्हेंबरपासून जर्मनीत चित्रपटगृहात पाऊल टाकायलाही बंदी होती. ‘हे खोटे आहे’ असे अंधारात ओरडणारा एकही आवाज तेथे उरू दिलेला नव्हता. पुढे १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मनीतून ज्यूंना पूर्वेकडे नेणाऱ्या गाड्या सुटू लागल्या, तेव्हा निरोपाची दृश्ये लोकांच्या ओळखीची झालेली होती.

युद्धानंतर हार्लानवर हॅम्बुर्गच्या न्यायालयात खटला चालला. आपल्याकडून हे काम सक्तीने करून घेतले, अशी त्याची सबब होती. १९४९ मध्ये आणि पुन्हा १९५० मध्ये तो निर्दोष सुटला. चित्रपटाने अमुक माणसाचा जीव घेतला, हे कायद्याला कसे सिद्ध करता यावे?

जे न्यायालयाला जमले नाही ते रसिकाला मात्र घरबसल्या जमण्यासारखे आहे. गोष्टीने रडविले, तर खुशाल रडावे. पण डोळे पुसल्यावर दोन प्रश्न विचारावेत: माझा राग एका माणसावर आहे की त्याच्या साऱ्या जातभाईंवर? आणि ज्याच्यावर तो आहे, त्याला उत्तर द्यायला या सभागृहात जागा आहे काय? एवढे विचारल्याने चांगल्या कलाकृतीचा रसभंग होत नाही. तो होतो फक्त ‘यूड झ्यूस’सारख्यांचा.